रा. रा. पॅटर्नराव लातूरकर यांना अनावृत पत्र

रा. रा. पॅटर्नराव लातूरकर,
मुक्काम ट्युशन एरिया, लातूर. दुसरं बिऱ्हाड नांदेड.

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, निकाल लागले, चौकाचौकांत तुमच्या नावाचे फ्लेक्स चढले, आणि एकाच पोराचा तोच हसरा फोटो दोन-तीन वेगवेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर झळकताना बघून आम्हाला तुमच्या कुळाविषयी शंका आली. सोयरीक करायची तर आमच्याकडे आधी घराणं बघतात. तुमच्या हवाली आम्ही लेकरं केली, घराणं मात्र विचारायचंच राहिलं.

चौकशीअंती तुम्ही खानदानी निघालात. लॅटिनमध्ये 'पातेर' म्हणजे बाप. आपल्या 'पितृ'चा चुलतभाऊच. त्यावरून 'पात्रोनुस' म्हणजे पाठीराखा. फ्रेंचांच्या घरून तुम्ही इंग्रजांकडे आलात तेव्हा तुम्ही आणि 'पेट्रन' एकच होतात. सांभाळणाराही तोच, आणि ज्याच्याकडे बघून गिरवायचं तो नमुनाही तोच. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास भावाभावांत वाटणी झाली. थोरले पेट्रन आश्रयदाते राहिले. संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजही त्यांचं नाव वरच्या ओळीत असतं. धाकट्याच्या, म्हणजे तुमच्या वाट्याला गिरवून घेण्याचं काम आलं. बापपण कोणाच्या वाट्याला गेलं, याची नोंद सापडत नाही.

लातुरात तुम्ही आलात ते १९८०च्या दशकात. १९८२ साली उस्मानाबादेतून फुटून जिल्हा नुकताच वेगळा झालेला. १९७० साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आधी प्राचार्य जनार्दन वाघमारे, पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव, आणि गावातच दयानंद महाविद्यालय. तुमचा कारभार तेव्हा साधा होता. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, चाचणी घ्यायची, तपासलेला पेपर पोराच्या हातात द्यायचा, चुकलं कुठे ते समोर बसवून दाखवायचं, की परत चाचणी. सुट्टीच्या दिवशीही तास. यात जादू कसली? मास्तरांनी घाम गाळला, एवढंच. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं येऊ लागली आणि तुम्हाला गावाचं नाव लागलं. वाघमारे सर १९९४ साली नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तुम्हीही नांदेडला गेलात, पण विद्यापीठात नाही, क्लासेसच्या गल्लीत.

मग काय, तुमचा सुकाळ झाला. पाण्याचा शिरपूर पॅटर्न, राजकारणाचा अकोला पॅटर्न, पीकविम्याचा बीड पॅटर्न. जमिनी विकून बसलेल्यांची कथा पडद्यावर आली, तीही २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' म्हणूनच. गावाचं नाव पुढे लावा, मागे तुम्ही हजर. इंग्रजीत तुमचा अर्थ एकासारखं दुसरं. आमची पोरं मात्र कॉलर ताठ करून सांगतात, 'आपला पॅटर्नच वेगळा!' म्हणजे एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या. 'नमुना' या शब्दाचंही आम्ही हेच केलंय. विक्षिप्त माणूस दिसला की 'काय नमुना आहे' म्हणतो.

सप्टेंबर २०२०मध्ये वैद्यकीय प्रवेशातली ७०:३०ची विभागवार वाटणी उठली, राज्यभरातल्या जागा मराठवाड्याच्या पोरांना खुल्या झाल्या. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं कमी, म्हणून वाटणी उठवण्याची मागणी रास्तच होती. पण त्यानंतर 'नीट' परीक्षेतला ७२० हा आकडा आमच्या घराघरांत देवासारखा बसला. बाप रानात, आई लेकरासोबत लातूरला भाड्याच्या एका खोलीत. गॅसची शेगडी दाराशी, भिंतीवर आवर्तसारणी, आणि पोरगं रिपीटर बॅचला. शेजारीण विचारते, 'किती पडले?' तब्येत कशी आहे, हे कोणी विचारत नाही.

पॅटर्नराव, तुमचे एक भाऊबंद कोल्हापूरच्या फाउंड्रीत नोकरीला आहेत. तिथे लाकडाचा पॅटर्न करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात, त्यात बिडाचा रस ओततात. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा जरासा मोठा ठेवावा लागतो. बिडासाठी शंभराला साधारण एक एवढी सूट. पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच निराळी असते, तिच्यावरचे इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित लांब. बिडाला एवढा मान! आणि तुमच्या लातूर-नांदेडच्या शाखेत सोळा-सतरा वर्षांच्या लेकराला आकसायची सूट शून्य. एका चाचणीत चार मार्क कमी पडले की त्याची बॅच खाली.

तेव्हा विनंती इतकीच. आठवड्यातला एक दिवस चाचणीशिवाय जाऊ द्या. मार्कांच्या क्रमाने बाकावर बसवणं बंद करा. पहिल्या प्रयत्नात नंबर न लागलेल्या पोरालाही पूर्वीच्या मास्तरांसारखं समोर बसवून चूक दाखवा. नुसती नव्या बॅचची पावती फाडू नका. आणि घराण्यातलं बापपण थोरल्या पेट्रनांकडे पडून असलंच, तर त्यातलं थोडं मागून आणा.

राग मानू नये. आमचं धाकटं यंदा दहावीला आहे. त्याच्या प्रवेशाचा अर्ज सोबत जोडला आहे. पहिल्या बॅचमध्येच घ्यावं.

आपला नम्र,
एक पालक