नंबरांना नावं कुणी दिली?

'स्टार वॉर्स'च्या २००२ आणि २००५च्या चित्रपटांत पांढऱ्या चिलखतातले हजारो क्लोन सैनिक लढतात. त्यातलं एकही चिलखत खरं नव्हतं, सगळे सैनिक संगणकावर उभे केलेले. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पटकथेतही ते तितकेच पोकळ ठेवले याला. लढतात, मरतात, आणि २००५च्या चित्रपटात एका हुकमासरशी आपल्याच जेडाय, म्हणजे योद्धा-साधू, सेनापतींच्या पाठीवर शस्त्र चालवतात. कालपर्यंत ज्यांच्यासाठी जीव दिला, त्यांनाच का मारलं? एवढा खर्च करूनही चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही.

तो पडला 'द क्लोन वॉर्स' या अ‍ॅनिमेशन मालिकेला. २००८पासून ती कार्टून नेटवर्कवर दिसायची, अर्ध्या तासाच्या वेळेत. दिग्दर्शक डेव्ह फिलोनी आणि त्यांच्या चमूनं एकाच चेहऱ्याच्या सैनिकांना वेगळे केस, वेगळं गोंदण, वेगळा स्वभाव दिला. डी ब्रॅडली बेकर या एकाच कलाकारानं सगळ्यांना आवाज दिला, तरी रेक्स कुठला आणि फाइव्ज कुठला हे डोळे मिटूनही कळतं.

चौथ्या पर्वातले उंबारा ग्रहावरचे चार भाग पाहा. पाँग क्रेल नावाचा जेडाय सेनापती सैनिकांना नावानं नव्हे, नंबरानं हाक मारतो आणि त्यांना मुद्दाम मरणाच्या तोंडी देतो. शत्रूनं आपल्या लोकांची चिलखतं चढवली आहेत असं सांगून अंधारात हल्ला करायला लावतो. रेक्स पडलेल्या एकाचं शिरस्त्राण काढतो, तर आत त्याचाच चेहरा! आपण आपल्याच भावांना मारत होतो हे त्याला तिथे कळतं. युद्धाबद्दल इतकं कठोर त्या चित्रपटांपैकी एकानंही सांगितलेलं नाही.

पुढे सहाव्या पर्वात फाइव्जला शोध लागतो, की प्रत्येक क्लोनच्या मेंदूत तो हुकूम पाळायला भाग पाडणारी एक चिप बसवलेली आहे. तो जिवाच्या आकांतानं सांगत सुटतो, कुणी ऐकत नाही, आणि मारला जातो. २००५च्या चित्रपटातली ती कत्तल या भागांनंतर पाहिली, तर बंदूक धरणाऱ्याचीही कीव येते. चित्रपटाची उणीव कार्टूननं भरून काढली, तीही नऊ वर्षांनी.

आणि अहसोका. त्या दोन चित्रपटांच्या नायकाची, अनाकिनची, ही शिष्या त्यांत नाहीच. पाचव्या पर्वाच्या शेवटी जेडाय मंडळ तिच्यावर खोटा आळ येताच तिला बाहेर काढतं, निर्दोष ठरल्यावर परत बोलावतं, आणि ती सरळ नकार देऊन निघून जाते. जेडाय आतून किती सडले होते, ते तिच्या त्या नकारात दिसतं.

त्या चित्रपटांमागे 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज लुकास होते, मालिकेमागेही तेच. म्हणजे कल्पनेचा दुष्काळ नव्हता. साध्या शिपायाकडे बघायला तिथे वेळ दिला नाही, इथे दिला. आज मोठ्या पडद्यासाठी पैसा ओतणाऱ्यांनी आधी उंबाराचे ते चार भाग बघावेत. २००८ सालीच मालिकेच्याच नावाचा एक चित्रपटही आला होता. तो खुशाल वगळा.