सफरचंदाची वाट पाहताना

भाचीने पुस्तक हातात ठेवलं तेव्हा मनगट खाली गेलं. मारिसा मायरच्या 'लूनर क्रॉनिकल्स' मालिकेतली ही शेवटची कादंबरी, 'विंटर'. २०१५ साली आली, आठशेहून जास्त पानं. मालिकेतली पहिली, 'सिंडर', चारशेच्या आत आटोपली होती. "मामा, उताणा झोपून वाचू नकोस," भाची म्हणाली, "नाकावर पडतं." अनुभवाचे बोल असावेत.

ही पुस्तकं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी असतात. मी पन्नाशी ओलांडलेला. 'हल्ली मुलं वाचतात तरी काय, बघायला हवं' असं म्हणून मी पहिलं उघडलं होतं. गोड बरोबर झालंय का बघते म्हणत अर्धी वाटी श्रीखंड संपवणाऱ्या बायका आमच्या घराण्यात होऊन गेल्या, त्यातलंच हे.

मुळात गोष्टी सगळ्या ठाऊक असलेल्या. सिंडरेला, लाल टोपीवाली, लांब केसांची रापुन्झेल आणि शेवटी हिमगौरी. फक्त काळ पुढचा, चौथ्या महायुद्धानंतरचा, आणि चंद्रावर माणसांची वस्ती. सिंडरेला न्यू बीजिंगच्या बाजारात यंत्रं दुरुस्त करते. तिचा एक हात आणि एक पाय धातूचा आहे. ही गोष्ट चीनकडे गेली यात मला एक छुपा न्याय दिसतो: सिंडरेलाचं एक जुनं रूप नवव्या शतकातल्या चिनी ग्रंथात सापडतं, आणि काचेचा बूट तिला पेरो या लेखकाने फ्रान्समध्ये चढवला तो थेट १६९७ साली. मायरबाईंनी बुटाचा प्रश्नच निकालात काढला. त्यांची नायिका नाचाच्या समारंभातून पळताना पायरीवर बूट नाही, अख्खा पाय सोडून जाते. तोही मापाला लहान झालेला, कारण सावत्र आई नवा घेऊन देत नव्हती. वाढत्या मुलीला दोन वर्षं जुनीच चप्पल पुरवायला लावणाऱ्या घरातल्या कुणालाही हे पटेल.

पण शेवटच्या पुस्तकाचं माझं दुखणं वेगळंच होतं. यात हिमगौरी आहे हे मुखपृष्ठापासून माहीत. म्हणजे सफरचंद येणार. कुठल्या पानावर, एवढंच माहीत नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला सीतेला कोण पळवणार हे पाठ असतं, तरी साधू दाराशी आला की मागच्या रांगेतली म्हातारी 'बाई गं, रेषा ओलांडू नकोस' म्हणून पुटपुटतेच. मी ती म्हातारी झालो. दोनशे पानं झाली, चारशे झाली. बायकोने रात्री सफरचंद चिरून आणलं, तर मी बशीकडे संशयाने बघितलं.

आता राजकन्या विंटरबद्दल सांगायला हवं, कारण मला मालिकेत सगळ्यांत आवडली ती हीच. चंद्रावरच्या लोकांना एक शक्ती असते: समोरच्याच्या मनाला हवं ते दाखवायचं, हवं ते करायला लावायचं. विंटरची सावत्र आई राणी लेवाना या शक्तीवरच जगातली सर्वांत सुंदर बाई ठरलीय. तिच्या महालात आरसे नाहीत, कारण आरशाला भूल पडत नाही. 'सांग दर्पणा' म्हणणारी राणी जाऊन आरसाच नको असलेली राणी आली. मला हे मूळ गोष्टीपेक्षा खरं वाटलं. विंटरने मात्र लहानपणीच ठरवलं, कुणाच्याही मनाशी खेळायचं नाही. न वापरलेली शक्ती आत साचते आणि माणसाला वेड लावते, म्हणून तिला भिंतींतून रक्त झिरपताना दिसतं, आपण बर्फाच्या झालोय असं वाटतं. सगळा दरबार शहाणा आणि खोटा. खरं वागणारी एकटी वेडी. आणि भाचीच्या पिढीला हे मायरबाई विनोद करत करत सांगतात.

ग्रिमबंधूंच्या गोष्टीतला शिकारी रानडुकराचं काळीज नेऊन राणीला फसवतो. इथे तो पहारेकरी आहे, जेसिन नावाचा, आणि जीव जातो तो राजकन्येच्या लाडक्या लांडग्याचा. त्या पानावर मी पुस्तक मिटून चहा केला. ग्रिमबंधूंचं आणखी एक: १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आईच होती. १८१९मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं. आईची अब्रू राखायला दोनशे वर्षं सावत्र आयांनी शिव्या खाल्ल्या.

सात बुटके कुठे येतात हे मी शोधत राहिलो. सापडले ते लांडग्यांचं रक्त मिसळून बनवलेले सैनिक! आणि सफरचंद? ते सफरचंद नव्हतंच. आंबट सफरचंदाच्या चवीच्या गोळ्या, पोरीच्या पहिल्यापासून आवडीच्या, म्हातारीच्या हातून आलेल्या, रोगाची लागण केलेल्या. मी इतका वेळ फळावर पाळत ठेवून बसलो आणि विष खाऊच्या डब्यातून आत गेलं.

पुढची पानं रेटावी लागली, कारण चार नायिका, चार नायक आणि एक राज्य असं सगळं एकाच मांडवात उरकायचं होतं. मधे थोडी दमछाक होते, लपायचं-पळायचं जरा जास्तच. २००८च्या एका नोव्हेंबरात या बाईंनी मालिकेच्या पहिल्या तीन पुस्तकांचे कच्चे खर्डे लिहून काढले होते म्हणे. चौथं त्या महिन्यात मावलं नाही यात नवल नाही.

शेवटचं पान वाचून झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. डोळे पुसले, ते झोपेमुळे असं ठरलं. सकाळी भाचीला जड आवाजात फोन केला, "संपलं गं." तिला काही वाटलं नाही. संध्याकाळी ती दुसरं पुस्तक घेऊन हजर. 'स्टार्स अबव्ह', २०१६ सालचं, त्याच मंडळींच्या कथा.

"अगं, ते शेवटचं होतं ना?"

"कादंबरी शेवटची होती."

नाटकाच्या जाहिरातीतले शेवटचे तीन प्रयोग मी आजवर कितीदा पाहिलेत, तरी फसलो. वर ती म्हणते, यात लग्न आहे. कुणाचं ते सांगत नाही. लग्न म्हटल्यावर जाणं आलंच. पुस्तक ठेवून घेतलं.