जागा कोणाची गेली ते बघा

हिंगणघाटात भविष्य सांगायला पंचांग लागत नाही, पानठेला पुरतो. कापूस यंदा किती जाणार, वणा नदीला पूर येणार का, पालिकेत कोण बसणार आणि आयपीएलमध्ये कोण गाजणार, या चारही प्रश्नांची उत्तरं एकच माणूस एकाच खर्ऱ्यात देतो. अलीकडे त्यात अमेरिकेच्या एनबीएची, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलची भर पडली आहे. तिथल्या रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी मोबाइलवर येतात, त्यामुळे दुकान उघडेपर्यंतचा वेळ बरा जातो. मध्यंतरी पैसे लावून संघ बांधायच्या ॲपांनी या ज्ञानाला बाजारभाव मिळवून दिला होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. पैसे गेले, भाकीत मात्र राहिलं. उलट आता ते फुकट पडतं म्हणून वाढलंच आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी जो तो सांगत सुटतो, की यंदा अमुक पोरगा फुटणार आणि तमुकाचं नाव होणार. हंगाम संपला की जो फुटला त्याच्याबद्दल "मी तं आधीच सांगितलं होतं ना भाऊ" म्हणणारे ठेल्यागणिक निघतात. जो फुटला नाही त्याचं नाव कोणी घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही सगळी मंडळी चुकीच्या माणसाकडे बघतात. ज्याचं नाव व्हायचं आहे त्याच्याकडे बघून काही कळत नाही. त्याच्या पुढे जो बसला आहे त्याच्याकडे बघावं. तो हलणार असेल तर मागचा गाजतो. तो हलणार नसेल तर मागच्याने कितीही दंड-बैठका काढल्या तरी तो पाण्याच्या बाटल्याच पोचवतो. हे मी आकसाने म्हणत नाही, अमेरिकेतच पुरावा आहे. तिथे दरवर्षी सगळ्यात जास्त सुधारलेल्या खेळाडूला एक बक्षीस देतात. 2023 साली ते लाऊरी मार्केनेनला मिळालं. त्याआधीच्या उन्हाळ्यात युटाने रुडी गोबेअर आणि डोनोव्हन मिचेल हे आपले दोन्ही मोठे मोहरे विकले होते, आणि मिचेलच्या बदल्यात आलेल्या सामानात मार्केनेन होता. पुढच्या वर्षी बक्षीस फिलाडेल्फियाच्या टायरीस मॅक्सीला. हंगाम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता तोच जेम्स हार्डन तिथून लॉस एंजेलिसला गेला होता. 2025 ला अटलांटाचा डायसन डॅनियल्स. अटलांटाने डिजाँटे मरे दिला आणि जे घेतलं त्यात हा होता, म्हणजे ज्याच्या बदल्यात आला त्याचीच जागा त्याला मिळाली. आधीच्या संघात तो सामन्याला 22 मिनिटं खेळत होता, इथे जवळपास 34 खेळला. तीन वर्षं, तीन बक्षिसं आणि तिन्ही वेळा आधी कोणीतरी सामान बांधून गेलेलं. तिघांनी उन्हाळ्यात घाम गाळला असेलच, पण घाम तर सगळेच गाळतात. हिंगणघाटात तर मे महिन्यात नुसतं बसूनही गळतो.

आकडेवाले इथे लगेच हात वर करतात. त्यांच्याकडे एक युक्ती आहे: खेळाडू आठ मिनिटं खेळला आणि सहा गुण काढले, तर छत्तीस मिनिटांत किती काढेल त्याचं त्रैराशिक मांडायचं. उत्तर सत्तावीस येतं आणि डोळे पांढरे होतात. पण ती आठ मिनिटं कोणती होती? सामन्याचा निकाल लागून गेलेला, प्रेक्षक गाडीची किल्ली शोधताहेत, समोरच्या संघानेही आपली राखीव पोरं उतरवलेली, अशी ती मिनिटं असतात. त्यावरून छत्तीस मिनिटांचा हिशोब करणं म्हणजे दिवाळीच्या आधीच्या पहिल्या वेचणीवरून एकरी उतारा सांगणं. तरी त्या आकड्यांना मी अगदीच टाकाऊ म्हणणार नाही. जागा मिळाली तर हा निदान पडणार नाही, एवढं ते सांगतात. जागा मिळेल का, हे मात्र ते सांगत नाहीत, आणि भाकितात मोल त्याचंच आहे.

ही गोष्ट बाकी जगाला नवी वाटली तर वाटो, हिंगणघाटला वाटू नये. या गावाचा स्वतःचा असा एक हंगाम होऊन गेला आहे. देशी कापसाच्या जातींत हिंगणघाटचं नाव वरचं होतं, धागा इतरांहून लांब, आणि व्यापारात हा माल गावाच्याच नावाने ओळखला जाई. तरी लँकेशायरच्या गिरण्यांना तो नको होता. त्यांचा लाडका होता अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस. हिंगणघाट बाकावर. मग 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मुख्य खेळाडू जायबंदी झाला! मग काय, पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या कापसावर सोनं बरसलं. मुंबईत पैसा इतका आला, की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. 1861 पासून 1865 पर्यंत आमच्या मातीत काही फरक पडला नव्हता. तीच काळी माती, तीच बोंडं, वेचणाऱ्या बायाही त्याच. कापूस सुधारला म्हणून भाव आला नाही, पुढची जागा रिकामी झाली म्हणून आला. 1865 ला युद्ध संपलं, अमेरिका तंदुरुस्त होऊन परत मैदानात उतरली आणि मुंबईचे शेअर कागदाच्या भावाने गेले. मौजेची गोष्ट अशी, की मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती 1867 ला. सरकारी कामाची वेळ साधण्याची हातोटी तेव्हापासूनची आहे. अंतिम सामना होऊन गेल्यावर स्टेडियमचं उद्घाटन.

आता जेरेमी लिनची हकीकत बघा आणि ती आमच्या कापसाहून वेगळी असेल तर सांगा. हार्वर्डात शिकलेला पोरगा, एनबीएचे संघ नवी पोरं निवडतात त्या दिवशी कोणी घेतला नाही. 2011 च्या डिसेंबरात आधी गोल्डन स्टेटने आणि मग ह्यूस्टनने काढून टाकला. न्यूयॉर्कने उचलला तोही तात्पुरता. राहायला घर नाही, भावाच्या नाहीतर सोबत्याच्या सोफ्यावर झोपायचा. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यूयॉर्कची गाडी रुतलेली, चेंडू पुढे नेणारा आधीपासूनच जायबंदी. लिनला उतरवण्यावाचून उपायच राहिला नाही. पहिल्या रात्री 25 गुण. लगेच संघाचा एक मोठा खेळाडू घरच्या दुःखाने गेला, दुसरा दुखापतीने बसला आणि सगळी जागा लिनचीच झाली. आठवड्याच्या आत लेकर्सविरुद्ध 38, आणि संघ लागोपाठ सात सामने जिंकला. सगळं जग वेडं झालं. त्या उन्हाळ्यात ह्यूस्टनने, म्हणजे ज्यांनी सात महिन्यांपूर्वी फुकटात सोडला होता त्यांनीच, त्याला तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर देऊन परत आणला. आणि ऑक्टोबरात त्याच ह्यूस्टनने जेम्स हार्डन विकत घेतला. चेंडू हार्डनच्या हातात गेला, लिन नुसता चांगला खेळाडू उरला. मॅक्सीच्या गोष्टीतला हार्डन तो हाच. एकदा आला तेव्हा एकाची जागा गेली, एकदा गेला तेव्हा दुसऱ्याची झाली. या विषयावर ग्रंथ लिहायचा झाला तर अर्पणपत्रिका त्याच्याच नावाने निघेल.

इथे कोणी म्हणेल, मग गुणाला काही किंमतच नाही का? जागा रिकामी झाली की रस्त्यावरचा कोणीही बसवला तरी चालेल? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर विदर्भातच आहे. आदित्य सरवटे हा आपला डावखुरा फिरकीवाला. 2018-19 च्या रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने सौराष्ट्राचे अकरा गडी घेतले होते. 2024-25 च्या हंगामाला तो केरळकडे गेला. विदर्भाला डावखुऱ्या फिरकीची जागा भरायची होती आणि हर्ष दुबे नावाचा बावीस वर्षांचा पोरगा तयार होता. त्याने त्या एका हंगामात 69 बळी घेतले, रणजीच्या इतिहासातला विक्रम. अंतिम सामना झाला नागपूरला, समोर केरळच. सरवटेने गड्यासारखी 79 धावांची खेळी केली, पण पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक विदर्भाने नेला. जागेने दुबेला चेंडू हातात दिला, पण 69 बळी काही जागेने घेतले नाहीत. हे मला मान्यच आहे. उलट करुण नायर घ्या. विदर्भाकडून त्याच वर्षी विजय हजारे स्पर्धेत त्याने 779 धावा केल्या आणि सगळ्या मिळून बाद झाला तो दोनदा. पुढे मे 2025 मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली पाठोपाठ कसोटीतून निवृत्त झाले. एवढ्या मोठ्या जागा एकदम मोकळ्या होणं म्हणजे बाजार समितीत एका दिवशी दोन अडते दुकान सोडून जाण्यासारखं. नायर इंग्लंडला गेला, चार कसोट्या खेळला आणि पन्नाशी गाठली ती एकदा. म्हणजे जागा मिळालेला प्रत्येकजण गाजतो असं नाही. पण गाजलेल्या माणसाला आधी जागा मिळालेली असतेच. ठेल्यावरची मंडळी या दोन वाक्यांची गल्लत करतात, आणि मोठमोठ्या संघांचे पगारी पंडितही करतात.

पंडितांचा पुरावा हवा असेल तर एनबीएतला निकोला योकिच. 2014 च्या निवडीत तो 41 वा गेला. त्याच वर्षी 16 वा गेलेला युसुफ नुर्किच आणि तो, दोघेही डेन्व्हरकडे, दोघेही मधल्या जागेचे धिप्पाड गडी. दोघांना एकदम खेळवून बघितलं, जमलं नाही. डिसेंबर 2016 मध्ये प्रशिक्षकाने योकिचला आत घेतलं आणि नुर्किचला बाकावर बसवलं. नुर्किच रुसला, फेब्रुवारीत पोर्टलंडला गेला आणि तिथे असा खेळला, की पोर्टलंडवाल्यांना त्याचं वेड लागलं. एका दगडात दोन पक्षी मारतात हे ऐकलं होतं, इथे एका पिंजऱ्याचं दार उघडलं आणि दोन उडाले. एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू पुढे तीनदा ठरलेल्या माणसाला, सगळे आकडे आणि चित्रफिती हाताशी असताना, चाळीस वेळा नाकारलं गेलं होतं. म्हणून नुसत्या गुणावरून भाकीत करणाऱ्याला मी हात जोडतो.

दुसरी चूक पैशाची. गेल्या हंगामाचा भाव पुढच्या हंगामाला लावायचा. कबड्डीत सिद्धार्थ देसाईचं बघा, चंदगड तालुक्यातला गडी. 2018 मध्ये अनुप कुमार यू मुंबा सोडून जयपूरकडे गेला, मुंबाचा संघ नव्याने बसला, आणि 36.4 लाखांत घेतलेल्या सिद्धार्थने चढायांत 218 गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1.45 कोटी मोजले. भाव चौपट झाला, गुण जवळपास तेवढेच राहिले. पवन सेहरावतला तमिळ थलायवाजनी 2022 मध्ये 2.26 कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. हे वाचून हसायचा अधिकार मात्र आपल्याला नाही. 2021-22 ला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. झालं, पुढच्या वर्षी घराघरात एकच भाकीत: दहा तर येतीलच, बारा आले तरी नवल नाही. कापूस विकायचा नाही, ठेवायचा. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि माणसं ओसरीवर. पोरांच्या अंगाला खाज सुटली, ओल वाळून वजन घटलं, पाहुणा आला तर त्याला बसवायचं कुठे हा प्रश्न. भाव मात्र सात-आठ हजारांच्या आसपास घोटाळत राहिला. या बाबतीत ह्यूस्टनचे मालक आणि हिंगणघाट तालुक्यातला शेतकरी सारखेच. फरक एवढाच, की ह्यूस्टनवाल्यांना खाज सुटली नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. कोण गाजेल ते सांगता येत नाही म्हणून तुम्ही म्हणता जागा कोणाची जाईल ते बघा. पण तेही कुठे सांगता येतं? थोडं येतं. करार संपत आलेला, पस्तिशी ओलांडलेला किंवा प्रशिक्षकाशी बोलणं टाकलेला खेळाडू हलणार, हे आधी दिसतं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, तिथेही पाऊसपाणी आणि पिकांबरोबर विडा-सुपारीवरून राजाच्या गादीचं बघतात. गादी बघायची ही रीत मला एनबीएच्या बऱ्याच तज्ज्ञांपेक्षा शास्त्रीय वाटते. पण दुखापतीचं काय करणार? 2025 च्या आयपीएलमध्ये हैदराबादच्या ॲडम झॅम्पाचा खांदा दुखावला. त्याच्या जागी कर्नाटकचा स्मरण रविचंद्रन आला. तो एकही सामना न खेळता जायबंदी झाला. त्याच्या जागी आला आपला हर्ष दुबे. लेगस्पिनरच्या जागी फलंदाज आणि फलंदाजाच्या जागी डावखुरा फिरकीवाला! 69 बळींनी जे दार उघडलं नव्हतं ते एका ऑस्ट्रेलियनाच्या खांद्याने आणि एका बंगळुरूकराच्या दुखापतीने उघडलं. हे भाकीत ना ठेल्यावर झालं, ना भेंडवळला, ना कुठल्या संगणकात. हैदराबादच्या फिजिओला कदाचित कुणकुण असेल, पण तो काही आपल्या ठेल्यावर येत नाही.