खोक्यातला रोबो आणि मामाची आरोळी

मी मराठी शिकवतो. तरीही शाळेतला रोबोटिक्सचा तास माझ्याकडे आहे, कारण विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि वेळापत्रकात शनिवारी रिकामा दिसलो तो मीच. सातपुड्यातल्या आमच्या धडगावात बदलून आलेला माणूस हजेरीपटावर पहिली सही करतानाच परतीच्या अर्जाचा मसुदा मनात घोळवत असतो. मी पडलो इथलाच. त्यामुळे जाणारा जे टाकून जातो ते सगळं माझ्या नावावर चढतं: वृक्षारोपणाचं रजिस्टर, निवडणुकीच्या याद्या, स्काउटची शिट्टी आणि आता रोबो.

सरकारची अटल टिंकरिंग लॅब नावाची योजना २०१६ साली निघाली. शाळेला २० लाख मिळतात, पण १५०० चौरस फुटांची जागा दाखवावी लागते. डोंगराळ राज्यांना १००० फुटांची सवलत आहे. आम्ही सातपुड्यात राहतो, पण आमच्या वाट्याचा सातपुडा महाराष्ट्रात राहतो, आणि महाराष्ट्र काही डोंगराळ राज्य नाही. म्हणजे जमिनीवर आम्ही डोंगरात आणि कागदावर सपाटीला. आमच्याकडे रिकामी अशी एकच खोली, तीत पोषण आहाराचे तांदूळ. तेव्हा लॅब नाही, एका दात्याकडून खोकं तेवढं मिळालं. तेही चांदसैली घाटात दरड कोसळल्यामुळे तळोद्यात मुक्काम करून आलं.

खोक्यात आर्डुइनोचा निळा बोर्ड, पिवळ्या मोटारी, चाकं, सेन्सर, रंगीबेरंगी वायरी आणि एक पुस्तिका. हा आर्डुइनो २००५च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात जन्मला. करणारी मंडळी ज्या बारमध्ये बसायची त्याचं नाव बोर्डाला दिलं, आणि बारला नाव होतं तिथल्या जुन्या राजाचं. हे मी वर्गात सांगितलं नाही. बार म्हटल्यावर मागच्या बाकावर नको तेवढं लक्ष जागं होतं.

पुस्तिकेतला पहिला प्रकल्प म्हणजे काळ्या रेषेवरून चालणारी गाडी. पोटाखालचा सेन्सर अदृश्य किरण सोडतो. पांढऱ्यावरून ते परततात, काळ्यात जिरतात. मुलांनी चार्टपेपरवर काळी पट्टी चिकटवली, गाडी सोडली. ती गुणी पोरासारखी दोन वळणं चालली, मग कागदावरून उतरून थेट शहाबादी फरशीच्या काळ्या सांध्याला लागली. सांधा गेला मुख्याध्यापकांच्या खोलीत, गाडीही गेली. तिथून व्हरांड्यात आली, तर उन्हात सेन्सरचे डोळे दिपले आणि ती जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. विज्ञान म्हणतं की सूर्यप्रकाशातही तेच किरण असतात, म्हणून सेन्सर गोंधळतो. पहिल्यांदाच एप्रिलात धडगावला आलेल्या अधिकाऱ्याचंही साधारण असंच होतं, पण त्याला विज्ञानाने अजून कारण दिलेलं नाही.

दुसरा प्रकल्प स्मार्ट कचरापेटीचा. ही पेटी महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात असते. नसेल तर प्रदर्शन रद्द होत असावं. हात जवळ नेला की कानाला न ऐकू येणारा आवाज हातावर आपटून परततो, अंतर मोजलं जातं आणि झाकण उघडतं. यात हात आणि कोंबडी हा भेद नाही. आमची पेटी दुपारभर शाळेच्या कोंबड्यांना उघडून मिळाली आणि त्यांनी आतला कचरा अंगणात आणून ठेवला.

मग आठवीतल्या एका मुलीने पुस्तिका मिटली आणि विचारलं, "सर, आमचूरचं काही करता येतं का?"

हा प्रश्न पुण्यात बसून लिहिलेल्या पुस्तिकेत येणं शक्यच नव्हतं. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळत घालतात. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव येतो. वळवाची एक सर पडली की काळ्या पडतात आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. पोरीने खोक्यातली तांब्याच्या रेघांची छोटी पट्टी उचलली. तिच्यावर थेंब पडला की दोन रेघा जोडल्या जातात, वीज वाहते, बझर वाजतो. आर्डुइनोची गरजसुद्धा नाही. एक ट्रान्झिस्टर पुरतो.

पहिली चाचणी तिच्या आजीने हाणून पाडली. बझर वाजला तेव्हा आजीने फोडी कधीच झाकल्या होत्या; तिला वारा फिरल्यावरच कळतं. "हे यंत्र पाऊस पडल्यावर सांगतं पाऊस पडतोय," असा आजीचा शेरा आला. तो मी प्रयोगवहीत जसाच्या तसा लिहून घेतला, कारण इतका नेमका अभिप्राय प्रशिक्षणातही कोणी दिला नव्हता.

मुलगी हटली नाही. इकडची घरं एकमेकांना खेटून नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, त्याच्या टेकडीवर. तिने पट्टी आणि बझर उचलून पलीकडच्या टेकडीवर मामाकडे बसवले, कारण पाऊस आधी तिथे पोचतो. बझर वाजला की मामाने आरोळी ठोकायची. वायर नाही, रिचार्ज नाही, टॉवरची वाट बघणं नाही. प्रकल्पाच्या तक्त्यावर तिने 'वायरलेस संदेशवहन' असं लिहिलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आमच्या तालुक्याला असं घरचं तंत्रज्ञान नवीन नाही. याच अक्राणी तालुक्यातल्या बिलगावात लोकांनी केरळच्या दोन इंजिनिअरांबरोबर नदीच्या पाण्यावर १५ किलोवॅटची वीज तयार केली. गावाने दोन हजार मनुष्यदिवसांचं श्रमदान केलं आणि जानेवारी २००३ मध्ये दिवे लागले. त्याही आधी नर्मदाखोऱ्यातल्या शाळेत उजेड पडावा म्हणून अमेरिकेहून परतलेल्या एका जोडप्याने पायडलवर चालणारं जनित्र बनवलं होतं. मला त्या यंत्राचा शिक्षक म्हणून हेवा वाटतो. एकाने पायडल मारायचं, बाकीच्यांनी वाचायचं. व्याकरणाचा तास लांबला की पायडलवाला थांबणार, अंधार होणार आणि कोणालाच दोष देता येणार नाही.

'स्वदेस' सिनेमाला या मंडळींच्या कामावरून स्फूर्ती मिळाली असं सांगतात. तो २००४ साली आला. गोष्ट आमच्याकडची, शूटिंग मात्र वाईजवळच्या मेणवलीत. आमचा घाट शूटिंगवाल्यांनाही चढवला नसेल. सिनेमातला दिवा टीव्हीवर दर प्रजासत्ताकदिनी लागतो. बिलगावचा प्रकल्प २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याने गिळला. इथे विनोद करायला मला जागा सापडत नाही.

तर प्रदर्शन झालं. परीक्षकांनी आमचूरच्या यंत्राकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "यात कोडिंग कुठाय?" मुलीने मामाकडे बोट दाखवलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पहिला क्रमांक दुसऱ्या शाळेच्या स्मार्ट कचरापेटीला गेला. त्यांच्याकडे कोंबड्या नसाव्यात. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, म्हणजे एक प्रमाणपत्र आणि एक पेन.

परतताना जीपमध्ये मुलगी म्हणाली, "सर, कचरा टाकायला हात लागतोच. मग झाकण उघडायला हाताला काय झालं?"

माझ्या मते पहिला क्रमांक या वाक्याला द्यायला हवा होता.

आता मामाच्या टेकडीवर दुसरा बझर बसवायचा आहे, वरच्या पाड्यासाठी. तेव्हा शहाद्याकडून कोणी वर येणार असाल तर ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घेऊन या, पैसे रोख देईन. पावसाळ्यात निघालात तर घाट चालू आहे का ते आधी विचारा. आणि कृपा करून रोबोचं आणखी खोकं आणू नका. तांदळाच्या खोलीत जागा नाही.