दोन पुलांमधले संघराज्य

केंद्र, राज्य आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर नागरी स्थानिक संस्था यांची कामे जिच्यात वाटून दिलेली असतात ती संघराज्यपद्धती, अशी व्याख्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु या पद्धतीचे सिमेंट-पोलादातले प्रात्यक्षिक पाहायचे असल्यास अभ्यासकाने अंधेरी स्थानकाजवळचा गोपाळ कृष्ण गोखले पूल गाठणे श्रेयस्कर ठरते. या पुलाच्या पदपथाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला आणि देखभाल कोणाची, रेल्वेची की महापालिकेची, या प्रश्नावर दोन्ही कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवले. पूल एकच असला तरी रुळांवरचा तुकडा केंद्राच्या अखत्यारीत आणि दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेच्या, अशी ही वाटणी असल्यामुळे वाहनचालक काही सेकंदांत दोन सरकारांच्या हद्दीतून जात असे व त्याला त्याचा पत्ताही नसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल धोकादायक ठरवून बंद करण्यात आला आणि अंधेरी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणे हा पुढे दीर्घकाळ प्रवासाचा नव्हे, तर सहनशक्तीचा विषय झाला.

पुलाची एक मार्गिका २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा संघराज्यपद्धतीचे मर्म उघड्या डोळ्यांना दिसले. रुळांवरील उंचीबाबत रेल्वेचे निकष बदलल्याने नवा गोखले पूल वर गेला होता. त्याला जोडून जुहूच्या दिशेने जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल मात्र जुन्या पातळीवर, आज्ञाधारकपणे, होता तेथेच उभा होता. दोन्ही पूल आपापल्या जागी नियमानुसार होते. फक्त ते एकमेकांना भेटत नव्हते. छायाचित्रे काही तासांत मोबाइलवरून सर्वत्र फिरली, विनोदांना ऊत आला आणि एरवी दिल्लीतील चर्चासत्रांवर पोसलेल्या वृत्तवाहिन्यांनाही उपनगरांत माणसे राहतात याची आठवण झाली. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली जॅक लावून, म्हणजे पुलाखाली दाबयंत्रे बसवून, बर्फीवाला पूल एका बाजूने सुमारे १.४ मीटर उचलण्यात आला व जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले गेले. नियम बदलला रेल्वेने आणि उचलावे लागले महापालिकेला, ही या पद्धतीची सर्वसाधारण दिशा आहे.

ज्यांचे नाव या पुलाला आहे त्या गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली होती. हिंदुस्थानचा खर्च कसा होतो आणि इंग्लंड व हिंदुस्थान या दोन सरकारांत त्याचा भार कसा वाटला जावा, हा त्या आयोगाच्या चौकशीचा विषय होता. त्यामुळे हे नामकरण करणाऱ्यांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी मानावी लागते.

पैशांच्या बाबतीत हेच चित्र मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर दिसते. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका स्वतः वसूल करीत असे ती जकात. तिच्यासाठी ट्रकांच्या रांगा लागत, चोरवाटा निघत, आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण कोणाला नव्हते. तरीही तो महापालिकेचा स्वतःचा पैसा होता. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू होताच जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून मिळणारी, २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी नुकसानभरपाई आली. सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला धनादेश राज्याच्या अर्थमंत्र्यांनी महापौरांच्या हाती समारंभपूर्वक ठेवला, त्या वेळी घोषणाबाजीही झाली. कमावत्या माणसाला त्याच्याच कमाईबद्दल महिन्याच्या महिन्याला हातखर्च मिळू लागल्यावर समारंभ होणारच. धनादेशापाठोपाठ आभाराचे फलक येतात. कोणाचे आभार कोणी मानायचे, हे मात्र फलकावरील छायाचित्रांच्या आकारावरून ठरते.

फलकांच्या बाबतीत उपहास एका मर्यादेपलीकडे चालत नाही. घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात कोसळलेला जाहिरातफलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता आणि महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली असल्याने तेथे महापालिकेची परवानगी लागते की नाही, हा वाद फलकाइतकाच उंच झाला. सतरा माणसे मेली.

पूल बंद झाल्यापासून फलक कोसळेपर्यंतच्या सर्व काळात जाब विचारण्याची घटनात्मक जागा रिकामी होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे लोकांनी न निवडलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ करण्यात आली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात रेंगाळला आणि या अंकगणितात जवळजवळ चार वर्षे गेली. दरम्यान २०२३ मध्ये उपनगराच्या पालकमंत्र्यांनी महापालिका मुख्यालयातच दालन थाटले. जिल्हा उपनगराचा, जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला, मंत्रालय नरिमन पॉइंटला आणि दालन बोरीबंदरला, ही सत्तेच्या विकेंद्रीकरणाची भौगोलिक व्याख्या होय. गोखले पूल ११ मे २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला, तेव्हाही सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

मतदान अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. निवडून आलेल्या २२७ जणांनी आभाराचे फलक छापायला टाकण्यापूर्वी एवढेच करावे: गोखले पुलाचा संपूर्ण खर्च, रेल्वेचा किती, महापालिकेचा किती आणि बर्फीवाला पूल उचलण्याचा कोणाच्या खाती, हा हिशेब सभागृहाच्या पटलावर मागवून घ्यावा.