सबब, तथापि आणि मंडळी

हाउसिंग सोसायटीचा सूचनाफलक हा मराठीतला एक दुर्लक्षित साहित्यप्रकार आहे. "महानगरपालिकेचे पाणी कमी दाबाने येत आहे. त्यामुळे सर्व सभासदांनी आपली वाहने नेमून दिलेल्या जागेतच लावावीत." एवढ्या दोन ओळींवर लिफ्टपाशी परिसंवाद भरतो. पाणी कमी आणि गाड्या सरळ, याचा मेळ कसा बसायचा? कोणी म्हणतो, आता गाड्या धुवायला बंदी येणार. कोणाला यात वास्तुशास्त्राचा वास येतो. उलगडा शेवटी वॉचमन करतो. रोज पहाटे टँकर येतो, आणि कोपऱ्यावर एखादी गाडी तिरकी लावलेली असली की त्याला वळता येत नाही. त्या टँकरसाठी पहाटे उठतात ते सेक्रेटरीच. टँकर त्यांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो कागदावर घ्यायचा राहूनच जातो. आपल्याला जे लख्ख दिसत असते, नेमके तेच लिहायचे सुटते, आणि मग 'त्यामुळे' बिचारे दोन वाक्यांच्या मधे टँकरविना ताटकळत राहते.

शाळेत उभयान्वयी अव्यये घोकून झालेली असतात. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, तेव्हापासून किती पिढ्यांनी मराठी व्याकरणाचा धसका घेतला असेल कोण जाणे. 'सबब' परिणामबोधक असे लिहिले की मार्क मिळायचा. 'सबब' लिहिले की परिणाम आपोआप होतो, ही समजूत तिथलीच असावी. मोठेपणी ती परिपत्रकांतून भेटते. "सर्व शाखांचे अहवाल वेळेत प्राप्त झाले आहेत, सबब पुढील आढावा बैठक नागपूर येथे होईल." संत्र्यांचा हंगाम आहे, हे खरे कारण परिपत्रकात कसे घालणार? ते काम मग 'सबब'वर पडते.

आपल्या जुन्या कारकुनांना मात्र अशी चैन परवडत नव्हती. मोडी लिहिताना बोरू शक्यतो उचलायचाच नाही, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही आणि विरामचिन्हांचा तर पत्ताच नाही. अशा सलग वाहणाऱ्या मजकुरात वाचणाऱ्याला हात धरून नेत ते 'त्यास' आणि 'ऐशास' यांसारखे शब्द. तुम्ही अमुक लिहिलेत, ते कळले. ऐशास आमचे म्हणणे असे. समोरच्याचे काय आणि आपले काय, हे एका शब्दाने वेगळे व्हायचे आणि जोडलेलेही राहायचे. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले आणि मराठी वाक्याला थांबायची शिस्त लागली. उपकारच आहेत त्यांचे. पण थांबता येऊ लागले, तशी अर्ध्यावर सोडून निघून जायचीही सोय झाली.

त्या सोयीचा कळस म्हणजे प्रेझेंटेशनमधला बुलेट. पडद्यावर तीन काळे ठिपके येतात. विक्री घटली. नवीन एरिया मॅनेजर नेमला. जाहिरातीचा खर्च वाढवला. आता विक्री घटली म्हणून मॅनेजर नेमला, की मॅनेजर नेमला म्हणून विक्री घटली? ठिपका यावर मौन पाळतो. सभेत सगळे मान डोलावतात, कारण प्रत्येकाने आपापला 'म्हणून' मनातल्या मनात घालून घेतलेला असतो. एरिया मॅनेजर तर ठिपक्यांचा कट्टर पुरस्कर्ता. हा दोष केवळ आळसाचा नाही, असे माझे मत आहे. 'म्हणून' लिहिले की कोणाच्या तरी नावावर काहीतरी चढते. ठिपके कोणाच्याच नावावर नसतात.

सरकारी कागदाची आपण एवढी थट्टा करतो, पण त्याची विषय-संदर्भाची पद्धत मला मनापासून आवडते. आधी विषय, मग मागच्या पत्रांचे क्रमांक आणि तारखा. पत्र अधांतरी लोंबकळत नाही. गंमत येते ती शासन निर्णयात. वर प्रस्तावना असते. ती बहुतेक वेळा अमुक बाब शासनाच्या विचाराधीन होती, अशा वाक्यावर येऊन थांबते. त्याखाली ठळक अक्षरांत 'शासन निर्णय'. विचार काय झाला, कोणता मुद्दा कशामुळे जड ठरला, ते सगळे त्या दोन परिच्छेदांमधल्या कोऱ्या जागेत.

राहता राहिला 'तथापि'. नोकरीच्या नकारपत्रात हा हमखास भेटतो. आधी तुमच्या गुणवत्तेचे, अनुभवाचे, मुलाखतीतल्या मनमोकळेपणाचे कौतुक. पोळलेला उमेदवार ते वाचतच नाही. तो डोळ्यांनी सरळ 'तथापि' शोधतो. सापडला की कागदाची घडी घालतो आणि चहा टाकतो. कामाच्या पत्रातला हा सर्वांत प्रामाणिक शब्द म्हणायला हवा, कारण खरे काय ते त्याच्या पुढेच असते. तो पहिल्याच ओळीत आणला तर कितीतरी चहा वेळेवर होतील.

दाणाबाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांनी उधारीच्या वसुलीसाठी लिहिलेले पत्र मला दाखवले होते. माल पाच तारखेला पोचला, पोच सोबत जोडली आहे. पैसे पंधरा दिवसांत द्यायचे ठरले होते, ते आले नाहीत, म्हणून पुढच्या गोण्या थांबवल्या आहेत. पैसे आले की त्याच दिवशी निघतील. बस. टँकर जिथल्या तिथे होता. असल्या पत्राला उत्तर म्हणून फक्त चेकच येऊ शकतो, असे मी त्यांना मोठ्या विश्वासाने सांगितले. चार दिवसांनी त्यांनी आलेले उत्तर पुढे केले. पहिलाच शब्द होता, 'तथापि'.