काय उरलंय?

शिपवरून कायमचा घरी आलेला माणूस तुमच्या आळीत असेलच. नसला तर आमचा घेऊन जा. सातपाटीत बोटीवर जाणारे घरोघर आहेत, पण शिपवर जाणाऱ्यांची जात वेगळी. बोटवाला चार-आठ दिवसांनी घरी येतो आणि झोपतो. शिपवाला नऊ महिन्यांनी येतो आणि बोलतो. आमचे शिपवाले काका आता निवृत्त झालेत, म्हणजे बोलण्याला खंडच नाही. तेही एक वेळ परवडलं असतं. पण ते रांधतात.

जगातल्या जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स आघाडीवर आहे आणि भारतही पहिल्या पाचांत. त्यामुळे सातपाटीचा बोसन, म्हणजे आमचे काका, आणि मनिलाकडचा चीफ कुक जहाजाच्या एका स्वयंपाकघरात, गॅलीत, भेटणं यात नवल नाही. नवल एवढंच, की बाकीचे खलाशी घरी परफ्युम, चॉकलेटं आणतात. काकांनी एक सिद्धान्त आणला. आज शिजवलेलं ते अन्न नव्हे, तो कच्चा माल. खरा स्वयंपाक उद्या.

म्हणून काका कुणाच्या दारात उभे राहिले की ‘नमस्कार’ नाही, ‘बरं आहे ना’ नाही. थेट ‘काय उरलंय?’ शेजारच्या घरात नवी सून आली, तिलाही दुसऱ्याच दिवशी हाच प्रश्न. रुखवताबद्दल विचारताहेत असं वाटून बिचारीनं अनारशांचा डबा पुढे केला. काकांनी हात लावला नाही. अनारसे लवकर शिळे होत नाहीत, त्यांना त्यात रस काय? मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी गेटातच ‘काय उरलंय?’ विचारलं. त्याचा चेहरा पडला, कार्यकर्ते पक्षाची बाजू मांडू लागले. कालच्या सभेतल्या वडापावांची चौकशी चालली आहे हे कळायला वेळ गेला. पक्षाचं माहीत नाही, पण बारा वडापाव उरले होते. काकांनी नेले.

काकांच्या पदार्थांची ओळख मला सिनांगागपासून झाली. नाव ऐकून मी सावरून बसलो. फिलिपिनो माणूस सकाळी हेच खाऊन कामाला जातो म्हणाले. बरोबर तळलेला सुका मासा आणि अंडं. ताट आलं. रात्रीचा भात, भरपूर लसूण, तेल, मीठ. काकींनी डोकावून बघितलं आणि विचारलं, “हळद संपली होती का?” झालं, त्या दिवसापासून आळीत फोडणीच्या भाताला हळद घातली तर फोडणीचा भात आणि विसरली तर सिनांगाग.

जहाजावर खलाशाला जेवण फुकट द्यायचं, कुक शिकलेला ठेवायचा, असा एमएलसी २००६ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. काका त्यातलं कलम काकींना अधूनमधून ऐकवतात. “मग राहायचं होतं जहाजावरच,” एवढंच काकी म्हणतात.

पण काकींच्या सहनशीलतेचा खरा अंत अडोबोनं पाहिला. रविवारी त्यांनी सुकं खोबरं, धणे, बडीशेप भाजून, वाटून चिकनचा रस्सा केला होता. सोमवारी सकाळी काका त्यातले तुकडे चाळणीत घेऊन नळाखाली धूत होते. एकेक तुकडा उलटापालटा करून, अंगठ्यानं मसाला खरवडून, बाळाला न्हाऊ घालावं तसे. काकी दारात.

“काय चाललंय?”

“अडोबो.”

“माझा वाटलेला मसाला मोरीत चाललाय.”

“तो मध्ये येत होता.”

यानंतर काही वेळ घरात फक्त नळाचा आवाज होता. मग काकांनी मूठभर लसूण ठेचला, तमालपत्र आणि अख्खी मिरी टाकली, पालघर स्टेशनाजवळच्या चायनीजच्या गाडीवरून जमवलेल्या सोया सॉसच्या पुड्या दातांनी फोडल्या आणि वर सिरका ओतला. अडोबोचा जीव सिरक्यात. उकाड्याच्या देशात, फ्रीज नसताना मांस टिकवायचं तर दुसरा उपाय काय? आपण मासळीला मीठ लावून उन्हात टाकली, त्यांनी मांस सिरक्यात शिजवलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश तिथे पोचले आणि त्यांनी फक्त आपलं नाव दिलं. रांधणारे आधीपासून तसंच रांधत होते.

चीड याची येते की ते चांगलं झालं होतं. आंबट, खारं, काळपट, बोटं चाटावीत असं. काकींनी तांदळाच्या भाकरीबरोबर मुकाट्यानं खाल्लं. मात्र तेव्हापासून त्या घरात रविवारचं चिकन रविवारीच संपतं. काकी स्वतः पातेलं पुसून घेतात.

आता सिरका. दुकानातला काकांना चालेना. फिलिपिन्समध्ये माडीचा सिरका करतात आणि आपल्याकडे ताडी मुबलक, मग अडलंय कुठे? काकांनी ताडी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरली, बूच घट्ट आवळलं आणि माळ्यावर साड्यांच्या ट्रंकेशेजारी ठेवली. ताडी आंबताना वायू सुटतो, हे गॅलीतल्या कुकला माहीत असणार; बोसनला नव्हतं. एका रात्री धडाम्. आमच्याकडे रात्री मोठा आवाज झाला की माणसं आधी उत्तरेकडे बघतात. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून तिकडे आहे आणि बोईसरच्या एमआयडीसीत तर अधूनमधून काहीतरी उडतंच. त्या रात्री अर्धी आळी लुंगीवर रस्त्यात उभी राहून बोईसरच्या दिशेनं आभाळ न्याहाळत होती. काका तेवढे घरात फडकं शोधत होते. पुढचे काही दिवस काकी भजनाला बसल्या की शेजारच्या बायका हळूच सरकून बसायच्या.

जवळ्याचं प्रकरण तर नकोच. ताजा जवळा मिठात मुरवून तिकडे ‘बागोओंग’ करतात, म्हणून काकांनी गच्चीवर काचेची बरणी मांडली. ज्या गावात वलांडीवर बोंबील लटकत असताना माणसं खाली बसून चहा पितात, त्या गावानं वासाची तक्रार केली. पुन्हा सांगतो, सातपाटीनं. वासाची.

एकदाच हा प्रश्न काकांवर उलटला. मागच्या हंगामात ते सकाळी बंदरावर गेले, मासळी उतरत होती. सवयीनं तोंडातून गेलं, “काय उरलंय?” म्हातारा तांडेल टोपली खाली ठेवत म्हणाला, “बोटीत का दर्यात?” टोपलीत पापलेटं होती आणि त्यांतली कितीतरी तळहाताएवढीही नव्हती. सातपाटीचं नाव ज्या माशानं मुंबईच्या ताटात पोचवलं, त्याला सरकारनं २०२३ साली राज्यमासा केलं. १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट धरायचं नाही असा नियमही त्याच वर्षी आला. मान मिळाला, माप मिळालं. मासा तेवढा मिळायचा राहिला. त्या दिवशी काकांनी कुणाच्या दारात काही मागितलं नाही, आणि मला उगाचच चुकल्यासारखं वाटलं.

नंतर काकींनी एक गोष्ट सांगितली. २०२०मध्ये करोनानं बंदरं बंद झाली, तेव्हा करार संपूनही लाखो खलाशी जहाजांवर अडकले. वर्षअखेरीचा अंदाज चार लाखांचा होता. काका त्यांतले. जहाज नांगर टाकून उभं, समोर किनाऱ्याचे दिवे, उतरायची परवानगी नाही. प्रोव्हिजन कधी येईल याचा भरवसा नाही. फिलिपिनो कुकनं जाहीर केलं की आजपासून काही टाकायचं नाही. रात्रीच्या भाताचा सकाळी लसूणभात. माशाची डोकी, मुळ्याची टोकं आणि तांदळाचं धुवण यांचं चिंच घातलेलं सिनिगांग. संध्याकाळी काका आणि तो कुक गॅलीत लसूण सोलत बसायचे आणि हिशोब करायचे. तांदळाची पोती किती, कांदे किती. दिवस किती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी फोनवर काका काय बोलायचे? “आज अडोबो होता,” बस्स.

सॉसच्या एका बाटलीवर अर्धा तास बोलणारा माणूस यावर आजवर चकार शब्द बोललेला नाही. खरं तर मला हे कळायलाच नको होतं. आता त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

आमच्या घरी आम्ही दोघंच. तरी हल्ली तांदूळ तिघांचे पडतात. बायकोला विचारलं तर म्हणाली, अंदाज चुकतो. पंचवीस वर्षं न चुकलेला अंदाज बरोबर काका निवृत्त झाल्यावर चुकायला लागला. असो. परवा भाताचा डबा मीच नेऊन दिला. काकांनी झाकण उघडलं, दोन शितं बोटांत चुरडली आणि नाक मुरडलं.

“बासमती? हा मोडतो रे. वाडा कोलम लावत जा.”

म्हणजे आमच्या घरचं शिळं, आणि तांदूळ ह्यांच्या पसंतीचा. बायकोनं कालच दहा किलो आणून ठेवला.